हत्तीचा पाचवा पाय

नरहर आठल्ये यांनी भोपाळच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं एकच काम केलं. दुसऱ्यांनी केलेल्या कामात खोट काढायची. त्याचा त्यांना दरमहा पगार मिळायचा, हे विशेष. बाकीचे लोक हेच काम फुकट करतात. निवृत्तीच्या दिवशी खात्यातल्या मंडळींनी त्यांना शाल दिली, नारळ दिला आणि गंमत म्हणून तीन रबरी शिक्के दिले. ‘पास’, ‘रद्द’ आणि ‘दुरुस्त करून आणा’. आता गंमत म्हणून मिळालेली वस्तू माणसानं गंमत म्हणून घ्यावी की नाही? पण गंमत कळत असती तर नरहरराव त्या खात्यात चौतीस वर्षं टिकलेच नसते.

दुसऱ्याच दिवशी आनंद नगरातल्या त्यांच्या घरात तपासणी सुरू झाली. पोळीवर पट्टी ठेवायची आणि म्हणायचं, “व्यास ठीक, जाडी असमान.” दुधाची पिशवी, वाण्याची यादी, सोसायटीची नोटीस, शिक्क्यातून काही म्हणून सुटलं नाही. एकदा वाळत घातलेल्या पापडावर ‘रद्द’ उमटला. सुमित्राबाईंनी तोच पापड भाजून त्यांच्या पानात वाढला आणि शेवटचा तुकडा पोटात जाईपर्यंत कमरेवर हात ठेवून समोर उभ्या राहिल्या. त्यानंतर स्वयंपाकघर तेवढं वाचलं.

शिक्क्यांना न भिणारं घरात एकच माणूस होतं, ते म्हणजे सात वर्षांची नात जुई. जुई दिसेल त्यावर चित्र काढायची. विजेच्या बिलावर, भिंतीवर, फ्रिजच्या दारावर. एका दुपारी आजोबा घोरत असताना त्यांच्या टकलावर तिनं मासा काढला आणि आजोबा तो मासा घेऊन संध्याकाळी बँकेत जाऊन आले. रागावले का? छे! कॅशियर फार आदरानं बोलला, एवढंच त्यांनी घरी येऊन सांगितलं.

दोघांचं गूळपीठ होतं ते स्कूटरमुळे. स्कूटर अमोलच्या, म्हणजे जुईच्या बाबांच्या जन्माच्या वेळची. अमोल म्हणे, भंगारात द्या. नरहरराव म्हणत, आधी तुला देईन भंगारात. किक मारण्याआधी ते मागे अडकवलेल्या जादा चाकावर थाप मारत आणि विचारत, “स्टेपनी?”

“हाजिर!” जुई ओरडायची.

“मग चला. स्टेपनीशिवाय घराबाहेर पडेल तो?”

“गाढव!”

गेल्या महिन्यात रायसेन रोडवर पंक्चर झालंच. आजोबांनी दहा मिनिटांत चाक बदललं. जुई एवढी खूश झाली, की शाळेत, रिक्षात, शेजारीपाजारी, सगळ्यांना तेच सांगत सुटली.

त्याच आठवड्यात तिनं हत्ती काढला. निळा, गुटगुटीत, हसरा. काढला आणि धावत थेट आजोबांकडे आली. “आजोबा, बघा! तुमच्यासाठी!”

नरहररावांनी चष्मा नाकाच्या टोकावर घेतला आणि पाय मोजले. पाच. पुन्हा उलटीकडून मोजले. तरी पाच.

“सोंड धरली असेल तुम्ही,” सुमित्राबाई म्हणाल्या.

“सोंड धरून सहा होतात! आणि हा पाचवा बघ, शेपटीपाशी लोंबतोय. जमिनीला टेकतही नाही.”

आणि ठप्. हत्तीच्या पोटावर निळ्या शाईत शिक्का बसला, ‘दुरुस्त करून आणा’.

जुई रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. तिनं शिक्का नीट वाचला, कागद टेबलावर ठेवला, रंगांची पेटी दिवाणाखाली पार आत ढकलली आणि हात धुऊन आली. झालं. त्या दिवसापासून जुईचं चित्र काढणं बंद!

पहिले चार दिवस नरहररावांना काही जाणवलं नाही. पाचव्या दिवशी विजेचं बिल आलं, ते तसंच कोरं राहिलं. भिंत स्वच्छ, फ्रिज स्वच्छ. दुपारी ते मुद्दाम झोपेचं सोंग घेऊन अर्धा तास घोरत पडले, मग आरशात जाऊन पाहिलं. टकलावर काही नाही. बोट फिरवून पाहिलं, तरी काही नाही. भल्या माणसाला आरशासमोर रडू आलं हो!

“तुम्ही बिघडवलंत, तुम्हीच नीट करून आणा,” सुमित्राबाई म्हणाल्या. शिक्का नव्हता, पण आवाज तोच होता.

टी. टी. नगरात दर रविवारी सकाळी मधुराताई मुलांचा चित्रांचा वर्ग घ्यायची. जुई तिथं जायची, अजूनही जात होती, पण हाताची घडी घालून कोऱ्या कागदासमोर बसून परत यायची. नरहरराव तिच्यामागून वर्गात घुसले आणि कारखान्यातल्या आवाजात म्हणाले, “मॅडम, ही चित्र काढत नाहीये. तिला काढायला लावा.”

“मी कुणाला काही करायला लावत नाही, काका,” मधुराताई म्हणाली. तिच्या कानाला हिरवा रंग लागला होता. “ती बसते, बघते. तिचं तिला वाटेल तेव्हा काढेल. पण इथं उभं राहायला मात्र परवानगी नाही. बसा. हा घ्या कागद.”

“मी?”

“रबर मिळणार नाही. मार्क मिळणार नाहीत. आणि दुसऱ्याचं चित्र चुकलं असं म्हणायचं नाही. फक्त एवढंच म्हणायचं, ‘याची गोष्ट सांग.’”

बसले बिचारे. सतरंजीवर, आठ-नऊ वर्षांच्या पोरांच्या रांगेत, गुडघे कडाकडा वाजवत. घोडा काढायचं ठरवलं. खिशातून पट्टी काढली, कंपास काढला, आधी मधली रेघ आखली आणि तासभर घाम गाळला. शेजारचा यश मान वाकडी करून बघत होता.

“अंकल, ये सोफा है?”

“नाही,” नरहरराव म्हणाले.

“टेबल है,” पलीकडची सोनल म्हणाली. “उसपे कुत्ता बैठा है.”

“घोडा आहे तो!”

वर्गात जे हसू फुटलं ते जिन्यापर्यंत गेलं. मधुराताईनं नुसतं पाहिलं, तशी पोरं एका सुरात म्हणाली, “सॉरी अंकल. इसकी कहानी बताओ.” पण नरहररावांना गोष्ट कुठली सुचायला! कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. तासभर खपून काढलेला घोडा, त्याला कुणी सोफा म्हटलं तर किती लागतं, हे वयाच्या सहासष्टाव्या वर्षी त्यांना पहिल्यांदा कळलं. आणि आपण तर शिक्का मारला होता, हेही लगेचच आठवलं.

त्यांनी चोरून जुईकडे पाहिलं. ती हसत नव्हती. घोड्याकडे टक लावून बघत होती.

पुढच्या रविवारी ते शिक्क्यांचा डबा घेऊन आले आणि तो जुईच्या पुढ्यात ठेवला. “आजपासून इन्स्पेक्टर तू. माझा घोडा तपास.”

“खरंच? पास नाही झाला तर रागवाल?”

“नाही रागावणार.”

जुईनं आजोबांचा चष्मा काढून स्वतःच्या नाकाच्या टोकावर चढवला. पट्टी घेतली. घोडा उभा मोजला, आडवा मोजला आणि “हं” म्हणाली. आख्खा वर्ग गोळा झाला. मग तिनं बोट टेकवत पाय मोजले. एक, दोन, तीन, चार. पुन्हा उलटीकडून. चारच.

ठप्. ‘दुरुस्त करून आणा.’

“अगं, का?” नरहररावांना राहवलं नाही. “चार पाय बरोबर आहेत की!”

“चारच आहेत,” जुई म्हणाली. “आणि रस्त्यात एक पंक्चर झाला तर? आजोबा, स्टेपनीशिवाय घराबाहेर पडेल तो कोण?”

नरहररावांना हत्तीचा पाचवा पाय आठवला. शेपटीपाशी. लोंबणारा. जमिनीला न टेकणारा. अरे देवा! टेकेल कसा? स्टेपनी कधी जमिनीला टेकते का?

“गाढव,” ते बारीक आवाजात म्हणाले.

“अच्छा, तो ये गधा है!” यश आनंदानं ओरडला.

यावर पहिल्यांदा कोण हसलं असेल तर नरहरराव. असे हसले, असे हसले, की डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्यातलं थोडं काही हसण्याचं नव्हतं. तेवढ्यात जुईनं यशच्या हातातला निळा खडू ओढून घेतला, कागदावर ओणवी झाली आणि जीभ बाहेर काढून घोड्याच्या शेपटीपाशी एक छान गुबगुबीत पाय अडकवला. मग खूर काढले. मग, हात लागलाच होता म्हणून, वर स्वार बसवला. त्याच्या टकलावर मासा होता.

घरी आल्यावर नरहररावांनी कपाटातून ‘प्रलंबित’ लिहिलेली फाइल काढली. हत्ती तीतच होता, त्यांनी जपून ठेवला होता. शिक्का पुसता येण्यासारखा नव्हता. म्हणून त्याच्याखाली त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं, ‘तपासणी चुकली. हत्तीत दोष नाही. दोष निरीक्षकाचा.’ खाली सही केली, तारीख टाकली आणि हत्ती फ्रिजवर चिकटवला.

सुमित्राबाईंनी हात पुसत येऊन ते वाचलं. मग चष्मा लावून पुन्हा एकदा वाचलं.

“उद्या बाजारात जाल तेव्हा याची एक झेरॉक्स काढून आणा,” त्या म्हणाल्या. “पापडाच्या डब्यावर लावायचीय.”