चार घरांचं बियाणं

रीनाने रेशमाच्या कोशातून निघालेल्या पाखराची वाळलेली मादी खलात टाकली, पोट चुरडलं, पाणी घातलं आणि एक थेंब काचेवर घेतला. करुणा मॅडमनी शाळेचं सूक्ष्मदर्शक सुट्टीपुरतं घरी नेऊ दिलं होतं. डोळा लावताच ती ओरडली.

"दिसले! बाबा, दिसले ना!"

रोगाचे लंबगोल, चकचकीत दाणे, तांदळाच्या बारीक कणीसारखे. आतला गुंडाळलेला दोरा मात्र मॅडमच्या चित्रातच होता. दाणा अळीच्या आतड्यात गेला की तो दोरा सुटतो, पेशीत घुसतो, आणि एका दाण्याचे हजार होतात.

मासोळीचं जाळं सांधता सांधता धनीराम लेकीकडे पाहून हसला.

"मंग औषध सांगा, डॉक्टरीणबाई."

रीनाचं हसू ओठांवरच राहिलं.

"औषध नाही, बाबा. माय रोगी असली का अंड्यातच रोग येते. अळ्या ऐनाच्या झाडावर चढतेत, पानं खातेत, अन् कोसा कराच्या आधीच मरतेत. तिची अंडी जाळा लागते."

"मंग जाळू. तिची कोनती?"

चुलीपुढे बसलेल्या रीनाच्या आईने, बायाबाईने, मान वर केली नाही. तिच्याजवळच्या परातीत चारही घरांची अंडी होती. तलावातली मासोळी कोणाच्याही जाळ्यात येवो, आधी एकाच ढिगात पडते, मग वाटे होतात. अंड्यांचं हे बियाणंही तिने तसंच मिसळून ठेवलं होतं.

"वाट्यावरून भांडन नोको म्हनून," ती म्हणाली.

"पुन्हा पाह्य," धनीराम रीनाला म्हणाला.

तिने काच पुसली. दुसरा थेंब. मग डबीतली दुसरी मादी. तिच्यातही.

अंगणातून शेजारच्या तुलारामची हाक आली.

"काय वं रीना, आमचं बियानं पास का फेल?"

रीना दारात गेली.

"फेल, काका. साऱ्यांचंच."

तुलाराम परातीजवळ उकिडवा बसला.

"तलाव तं गाळानं भरला. यंदा कोशाचाच भरोसा होता."

धनीरामने अंगणात काटक्या पेटवल्या. परात उचलली तेव्हा अंड्यांवर काहीतरी हललं. जिऱ्याएवढ्या अळ्या कवच फोडून बाहेर येत होत्या.

"निघून राहिल्या," बायाबाई म्हणाली. उठली, कुंपणाजवळच्या ऐनाची कोवळी पानं तोडून आणली आणि परातीत पसरली.

"माय, जाळाच्याच हायेत ना?" रीनाने विचारलं.

"हो. थोडं खाऊ दे."

अळ्या पानांच्या कडांवर चढल्या. रीनाने वाकून पाहिलं. रोगी कोणती, धडधाकट कोणती, नुसत्या डोळ्यांना कळत नव्हतं. जाळ बसत चालला, तशी तुलारामने त्यात आणखी एक काटकी सरकवली.