कोमट पाणी

"सिस्टर, बाबांना हुडहुडी भरलीय," आजोबांची मुलगी धावत आली.

थोरल्या सिस्टरांनी आजोबांच्या कपाळाला हात लावला. रक्त चढवायला लागून जेमतेम वीस मिनिटं झाली होती. अंग तव्यासारखं तापलेलं, ओठ निळसर. त्यांनी आधी नळी बंद केली, मग डॉक्टरला हाक मारली.

डॉक्टर पोरसवदा. "रिअ‍ॅक्शन असेल हो. इंजेक्शन देऊ, रक्त चालू ठेवू."

"नाही. सव्वीस वर्षं रक्त चढवतेय मी. ही थंडी वेगळीय. पिशवी तपासायला पाठवा."

त्याने मुकाट्याने पाठवली. वॉर्डात सिस्टरांपुढे बोलायची कुणाची टाप नव्हती.

अर्ध्या तासात रक्तपेढीचा फोन आला. पिशवीत जंतूच जंतू. आजोबांचा रक्तदाब तोवर सत्तरवर घसरला होता.

"तुमच्याच फ्रिजमध्ये घाण असणार," डॉक्टर फोनवर तापला.

सिस्टरांना कोपऱ्यातला प्लास्टिकचा टब दिसत होता. थंडगार रक्त अंगात गेलं की म्हातारं माणूस काकडतं बिचारं, म्हणून त्या पिशवी कोमट पाण्यात ठेवायच्या. नियमात मनाई होती. नियम लिहिणाऱ्यांनी कधी काकडणाऱ्याचा हात धरलाय का, असं त्या नव्या मुलींना ठणकावायच्या. आज आजोबांना एक्स-रेला नेलं आणि पिशवी दोन तास पाण्यातच राहिली. ते पाणीही परवाचं, वरून फक्त गरम ओतलेलं. पिशवीच्या तोंडाशी बारीकशी फट असली तरी ते आत झिरपलं असणार.

गप्प बसलं तर खापर रक्तपेढीवर फुटणार होतं. निवृत्तीला चार महिने उरले होते, मोह झालाच. पण जंतू कुठून आला हे कळल्याशिवाय नेमकं औषध देता येईना, आणि आजोबांकडे वेळ नव्हता.

"पाण्यातला जंतू असेल, डॉक्टर. पिशवी मी टबात ठेवली होती. त्यावर चालेल असं औषध द्या."

डॉक्टरने लगेच औषध बदललं. संध्याकाळी आजोबांनी डोळे उघडले, तशी त्यांच्या मुलीने सिस्टरांचे दोन्ही हात घट्ट धरले.

"तुम्ही होतात म्हणून बाबा वाचले."

"मीच पाडलं गं त्यांना आजारी," म्हणत सिस्टरांनी टबाची गोष्ट पहिल्यापासून सांगितली.

मुलीने हात सोडले.

"यांच्याआधी कुणाकुणाची पिशवी ठेवलीत त्या पाण्यात?"

"सगळ्यांचीच," सिस्टर म्हणाल्या.

मुलीने बाबांचं पांघरूण सारखं केलं, आणि खुर्ची ओढून ती खाट आणि सिस्टर यांच्या मध्ये बसली.