यजमान रस्त्यात, पाहुणा घरात

मी एक जुनी जेझवा आहे, मित्रांनो. जेझवा म्हणजे लांब दांडीचं, बुडाशी रुंद आणि गळ्याशी अरुंद असं कॉफी उकळायचं तांब्याचं भांडं. आत्ता मी एका ट्रकच्या बाजूला बसवलेल्या लोखंडी पेटीत, जुन्या लोकरी मोज्यात गुंडाळून पडले आहे. गाडी काल थांबली ती अजून हललेली नाही. कुठे थांबली आहे, ते मला कळत नाही. अडगळीतली भांडी नेहमी म्हणतात, आम्हाला कोणीतरी बाहेर काढा. मी आज उलटं मागते आहे. आज मला कोणीही बाहेर काढू नये. का, ते सांगते.

माझा जन्म नोवी पाझार नावाच्या गावाच्या बाजारात झाला. एका बहिऱ्या तांबटाने मला ठोकून ठोकून आकार दिला. स्वतःला आवाज ऐकू येत नसल्यामुळे असेल, पण त्याने मला जरा जास्तच ठोकलं. शेवटी आतून कल्हई केली आणि मी झळझळीत दिसू लागले. मग एक दिवस तिहोमिर नावाचा ट्रकड्रायव्हर दुकानात आला. तांबटाने त्याच्यापुढे बरीच भांडी मांडली, पण त्याने माझीच दांडी मुठीत धरली आणि म्हणाला, "ही हातात बसते. हीच द्या." एवढं कौतुक मला पुढे कितीतरी वर्षं पुरलं.

तिहोमिरबरोबर मी खूप फिरले. गाडी थांबली की तो पेटीचं झाकण आडवं पाडायचा. तेच आमचं टेबल. त्यावर छोटी शेगडी, शेगडीवर मी, आणि माझ्याभोवती पाच-सहा ड्रायव्हर. माझा वास सुटला की दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या गाड्यांमधूनही माणसं कप घेऊन यायची. त्या काळचा तिहोमिरचा साहेब शिव्या द्यायला एक नंबर होता. पण संत दिमित्रीचा दिवस जवळ आला की तो तिहोमिरला दारातूनच ओरडायचा, "ए रेड्या, घरी जा! तुझी मेणबत्ती कोण लावणार, मी?"

हा दिवस तिहोमिरच्या घराण्याचा होता. आमच्याकडे प्रत्येक कुळाचा एक संत असतो आणि त्याच्या दिवसाला स्लावा म्हणतात. घरात मोठी मेणबत्ती लावतात, सणाचा पाव कापतात, दारात आलेल्याला साखर-अक्रोड घातलेल्या शिजवलेल्या गव्हाचा चमचाभर घास देतात. स्लावाचं आमंत्रण कोणालाच नसतं. ज्याला आठवण असते तो येतो, आणि आलेल्याला कोणी परत पाठवत नाही. आणखी एक रीत आहे. त्या दिवशी घरचा यजमान बसत नाही. शेवटचा पाहुणा उठेपर्यंत तो उभ्याने वाढत राहतो. आणि पाहुण्याला त्या दिवशी वाकडा शब्द बोलायचा नाही, मग तो कोणीही असो.

तिहोमिरचे गुडघे गेले तेव्हा गाडी त्याच्या मुलाने, ल्युबिशाने धरली. बापाने त्याला दोन गोष्टी दिल्या, थंडीचे लोकरी मोजे आणि मी. मोज्यांची जोडी केव्हाच फुटली. एकच मोजा उरला, तो हा.

ल्युबिशाचा मालक वेसेलिन. वाईट माणूस नव्हता हो. वाईट असता तर सगळं सोपं झालं असतं, मी रोज उकळताना त्याला शिव्याशाप दिले असते. पगार वेळेवर द्यायचा, कोणाच्या घरी मयत झालं तर पहिला हजर असायचा. पण त्याच्या तोंडी एक शब्द होता, "रस्त्यातच आहे". ल्युबिशा घराकडे निघाला की मालकाचा फोन आलाच. "अरे, येता येता एवढा माल उचल ना. रस्त्यातच आहे." घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं! आणि ते रस्त्यातलं ठिकाण नेहमी दोन डोंगरांपलीकडे असायचं.

मालकाकडून काय हवं, हा ड्रायव्हरांचा माझ्याभोवतीचा आवडता विषय. एक रोमानियन होता, तो म्हणायचा, "मला फक्त नवीन सीट द्या. माझे दोन मणके मागच्या गाडीतच राहिलेत." सगळे हसायचे. ल्युबिशाच्या शेजारच्या गावचा बोश्को दुसऱ्या कंपनीत होता. तो म्हणायचा, "मला सीट नको, पगारवाढ नको. मालकाने उद्या म्हटलं तर उद्याच. परवा नको, आणि परवा विचारलं की 'मी असं कधी म्हटलं होतं?' तेही नको."

"आणि तुला रे, ल्युबिशा?"

"मला विचारावं," ल्युबिशा म्हणायचा. "पाठवायच्या आधी एकदा विचारावं, जमेल का म्हणून. मी हो म्हणेनच. पण विचारावं."

"घ्या! याला लग्नाची मागणी घालायला हवी मालकाने," बोश्को म्हणायचा, आणि पुन्हा हशा व्हायचा.

गेल्या वर्षी तिहोमिरने जाहीर केलं, "माझे पाय आता उभं राहू देत नाहीत. यंदापासून स्लावा ल्युबिशाची." मित्रांनो, आमच्याकडे ही फार मोठी गोष्ट. बाप जिवंतपणी मुलाच्या हाती घराणं देतो. ल्युबिशाने महिनाभर आधी मालकाला सांगितलं. मालकाने त्याच्या पाठीवर थाप मारली. "अरे, सांगायला हवं का? पहिल्यांदा यजमान होतोयस! त्या दिवशी तू घरीच."

आणि आदल्या दिवशी आम्ही कुठे होतो? इटलीत, एका कारखान्याच्या बंद फाटकासमोर. रस्त्यातच होता ना माल! शुक्रवारी दुपारी पहारेकऱ्याने फाटक लावलं आणि हाताने खूण केली, सोमवारी. बोश्कोही तिथेच अडकला होता. तो म्हणाला, "भावा, संध्याकाळची बस पकड. सकाळी घरी पोचशील. तुझी गाडी मी बघतो. मी कुठे पळून चाललोय?"

ल्युबिशाने मालकाला फोन लावला. मी तेव्हा शेगडीवर होते, सगळं ऐकू येत होतं.

"गाडी सोडून? वेडा झालास का?" मालक म्हणाला. "दुसऱ्याचा माल आहे तिच्यात. उतरलास तर चावी परत मागायला येऊ नकोस."

"मालक, उद्या माझी स्लावा..."

"माहीत आहे रे, मी काय विसरलोय? हे बघ, तू अजिबात काळजी करू नकोस. मी जातो ना तुझ्या घरी! दर वर्षी जातो, यंदा नाही का जाणार? तिहोमिरकाकांना एकटं वाटू देणार नाही."

हे तो मनापासून बोलत होता, मित्रांनो. तीच तर पंचाईत. ल्युबिशा फोनकडे पाहत राहिला. मी उतू गेले तरी त्याचं लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने दाढी केली, स्वच्छ सदरा घातला आणि पेटीच्या झाकणाशी उभा राहिला. कपबशीत एक छोटी मेणबत्ती लावली. बारीक पाऊस पडत होता. मी दिवसभर उकळत होते. बोश्को आला, रोमानियन आला, भाषा न समजणारा एक तुर्क ड्रायव्हरही आला. प्रत्येकाला ल्युबिशाने कॉफी दिली आणि साखरेचा चमचा दिला, कारण गहू कुठून आणणार? बोश्को म्हणाला, "बस की जरा. इथे कोण बघतंय?"

"बाबा तिकडे उभे असतील," ल्युबिशा म्हणाला.

दुपारी घरून फोन आला. ल्युबिशाने तो माझ्या पोटाला टेकवून उभा केला. मला पडदा दिसत नव्हता, त्याचा चेहरा दिसत होता आणि आवाज सगळे येत होते. काटे-चमच्यांचे, हसण्याचे, ल्युबिशाची बायको झोरित्सा ताटं नेत होती त्याचे.

"बाबा कुठेत?" त्याने विचारलं.

"उभे आहेत," झोरित्सा हळूच म्हणाली. "कपाटाला धरून. सकाळपासून बसा म्हणतेय, ऐकत नाहीत. म्हणतात, यजमान नाही घरात, मग कोणीतरी उभं नको का? बाकीचे पाहुणे जेवून गेले रे. तुझे मालक बसलेत अजून."

"काय ऐकतोस तिचं," मागून म्हाताऱ्याचा आवाज आला. "मी ठीक आहे. कोबीच्या पानांतला सारमा उत्तम झालाय, तू खाल्लंस का काही?"

तेवढ्यात फोन मालकाच्या हातात गेला. दोन-तीन ग्लास राकिया पोटात गेल्याचं आवाजावरून कळत होतं. "अरे यजमान! काय जेवण, काय जेवण! तुझी बायको सुगरण आहे रे. आणि काकांचा पाहुणचार तर..." त्याने नाक शिंकरल्याचा आवाज आला. "ल्युबिशा, तुझ्यासारखा माणूस मला मिळणार नाही. आज बोल. तुला माझ्याकडून काय हवं? लाजू नकोस. आज काहीही माग!"

बोश्कोने हातातला कप खाली ठेवला. इतकी वर्षं माझ्याभोवती ज्या प्रश्नाची चेष्टा चालली होती, तो प्रश्न खुद्द मालकाने विचारला होता. ल्युबिशाचे ओठ हलले. मला वाटलं, आता म्हणणार. मालक, उठा, म्हणजे माझा बाप बसेल. एवढंच तर म्हणायचं होतं! पण पाहुण्याला ऊठ कसं म्हणणार? आणि यजमानाने पाहुण्याकडे मागायचं कसं? त्या दिवशी तो फक्त देऊ शकतो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

"काही नको, मालक," ल्युबिशा म्हणाला. "तुम्ही अजून थोडं घ्या. झोरित्सा, मालकांना वाढ."

मालकाने अजून थोडं घेतलं. अंधार पडेपर्यंत तो बसला होता, हे पुढे झोरित्साच्या फोनवरून कळलं. तिहोमिर त्यानंतर आठवडाभर अंथरुणातून उठला नाही.

नव्या वर्षाला मालकाने प्रत्येक गाडीत कॉफीचं मशीन बसवलं, कंपनीचं नाव छापलेलं. सगळ्यांना सांगत होता, "ल्युबिशाने काही मागितलं नाही, म्हणून मीच डोकं चालवलं." बटण दाबलं की कॉफी. ल्युबिशाने मला धुतलं, पुसलं, या मोज्यात घातलं आणि पेटीच्या तळाशी ठेवलं. माझी कल्हई आतून उडत चालली आहे, हे त्याने पाहिलं होतं. पण कल्हईवाल्याकडे जायला घरी चार दिवस निवांत मिळायला हवेत.

मित्रांनो, भांड्याला कल्हई वेळेवर करा. ती उडाली की तांबं आतल्या आत कळकतं आणि मग चांगल्या कॉफीचंही विष होतं. तांब्याचं भांडं कधी तक्रार करत नाही, म्हणून त्याला काही होत नाही असं समजू नका. आणि उद्या तुमच्या हाताखाली माणसं आली, तर त्यांना काय हवं ते जरूर विचारा. पण त्यांच्या घरात बसून, त्यांचं अन्न पुढ्यात घेऊन विचारू नका. ज्या जागी त्यांना नाही म्हणता येईल, त्या जागी विचारा.

आज पुन्हा संत दिमित्रीचा दिवस आहे. ल्युबिशाला रोजच्या कॉफीला मशीन आहे, पण स्लावाच्या पाहुण्याला तो मशीनची कॉफी देणार नाही, एवढं मी त्याला ओळखते. घरी असला तर घरची भांडी आहेत; मला बाहेर काढलं, तर तो आजही रस्त्यातच आहे. म्हणून म्हणते, आज मी याच मोज्यात राहावं. मी कान देऊन ऐकते आहे. घरच्या कुत्र्याचं भुंकणं येतं का? झोरित्साच्या ताटांचा आवाज येतो का? झाकणावर पाऊस वाजतो आहे. पण पाऊस काय, घरीही असाच पडतो.

कडी वाजली. दोरी काढायला आला असेल. पेटीत दोऱ्या आहेत, पाना आहे, हातमोजे आहेत.

हात त्यांच्यावरून पुढे आला आणि मोज्याशी थांबला. बोटं गार आहेत. दाढीच्या साबणाचा वास येतो आहे.