घैसास सरांची कमान

"आली का कमान?" सत्काराची तयारी बघणाऱ्या हर्डीकरांनी दारातूनच विचारलं.

"नाही," अलका डुंबरे म्हणाली.

"अहो बाई, शनिवारी सरांचा सत्कार आहे. शाल आली, श्रीफळ आलं. कमानच तेवढी राहिलीय."

फार वर्षांपूर्वी घैसास सरांना दीर्घिकांच्या एका समूहाच्या कडेला रेडिओ लहरींची फिकट कमान दिसली होती. जगात दुसऱ्या कोणालाच ती दिसली नाही, त्यामुळे ती सरांच्या नावावर राहिली. सरांचा तोच जुना डेटा नव्या पाइपलाइनमधून काढायचा, म्हणजे कमान लख्ख होईल आणि सत्काराला भेटही होईल, ही कल्पना हर्डीकरांची.

पाइपलाइन म्हणजे एक प्रकारची गिरणी. अँटेनांनी गोळा केलेलं सगळं आत ओतायचं. विजेच्या तारांची, मोबाइलची खरखर चाळली जाते आणि पलीकडून आकाश बाहेर पडतं. अलकाने पुन्हा पुन्हा दळून पाहिलं. समूह आला, कमान नाही.

"सरांची चौकट घाला ना."

सरांनी त्या काळी कमानीभोवती चौकट आखून मशीनला सांगितलं होतं, इथे काहीतरी खरं आहे, त्याप्रमाणे अँटेना जुळवून घे. मशीन आज्ञाधारक. अलकाने चौकट घातली, कमान आली. मग तिने ती चौकट उचलून समूहाच्या दुसऱ्या कडेला, जिथे कधी कोणाला काही दिसलं नव्हतं, तिथे ठेवली.

तिथेही कमान आली.

हर्डीकरांनी दोन्ही कमानी पडद्यावर शेजारी शेजारी लावून पाहिल्या. "पहिली जास्त छान आहे," ते म्हणाले. "शनिवारपुरतं म्हणतोय मी."

संध्याकाळी अलका तिन्ही चित्रं घेऊन सरांच्या घरी गेली. सरांनी चष्मा पुसला, चित्रं खिडकीपाशी नेली.

"ही चौकटीशिवाय?"

"हो सर."

"आणि चौकट घातल्यावर आली. येणारच. इतकं आग्रहाने बोलावल्यावर कोण येणार नाही?" त्यांनी तिसरं चित्र उचललं. "चौकट भलतीकडे ठेवून बघायचं तुला कोणी शिकवलं गं?"

"तुम्हीच, सर. पहिल्या वर्षी."

"अस्सं." सर खुर्चीत बसले. "मला शिकवायला कोणी नव्हतं, असं म्हणायचीही सोय ठेवली नाही मी."

आतून चहा आला. सरांनी आपला कप तसाच ठेवला.

"शनिवारी कुठलं दाखवू?" अलकाने विचारलं.

"बिनचौकटीचं. विचारतेस काय? खरखर किती कमी झालीय बघ. आमच्या नशिबी एवढं स्वच्छ आकाश नव्हतं."

शनिवारी शाल पांघरून सर उभे राहिले. पडद्यावर अलकाचं चित्र होतं. "हे माझ्या विद्यार्थिनीचं काम," सर म्हणाले आणि ते तिने कसं केलं, हे त्यांनी चौकटीसकट सगळं सांगितलं. हर्डीकर श्रीफळाकडे बघत बसले.

शेवटी सरांनी लेझर पॉइंटरच्या लाल टिपक्याने समूह दाखवला. टिपका सवयीने कडेला सरकला आणि रिकाम्या काळ्या जागेत हळूच एक कमान काढून थांबला.

मग सरांनी बटण सोडलं.