ग्लासातला धूर

"पुन्हा व्हॅनिला म्हणालीस तर हा ग्लास तुझ्या डोक्यावर ओतीन," आत्या म्हणाली.

तिच्या भाचीनं, टकळीनं, ग्लासातून नाक बाहेर काढलं. "पण आहे ना व्हॅनिला, आत्या!"

"आहे. प्रत्येक बर्बन व्हिस्कीत असते. जाळलेल्या ओकच्या पिंपात दारू मुरली की ती येणारच. हे म्हणजे नुसतं घरात माणसं आहेत म्हणून सांगणं झालं. कोण आलंय ते सांग."

आत्यानं डोळे मिटून घेतले. वैताग डोक्यापर्यंत चढला की ती असंच करायची. दारूच्या या कारखान्यात पिंपं चाखायचं काम तिचं. कुठलं बाटलीत भरायचं, कुठल्याला अजून मुरू द्यायचं, हे तिच्या नाकावर ठरायचं. आता गोदामाचा जिना चढताना तिचे गुडघे कुरकुरत होते आणि आपली खुर्ची भाचीला मिळावी एवढी एकच इच्छा उरली होती. मालकांच्या मनात मात्र त्यांचा जावई होता. आज दुपारी ते स्वतः येणार होते टकळीची परीक्षा घ्यायला.

आणि ही पोरगी बाटल्यांच्या मागची लेबलं पाठ करून आली होती. काल एका ग्लासाला ती 'ओठांवर रेंगाळणारी संध्याकाळ' म्हणाली, तेव्हा जेवण होईपर्यंत आत्या तिच्याशी बोलली नव्हती.

"हे बघ," आत्या आवाज खाली आणत म्हणाली. शिकवताना तिचा आवाज आपोआप मऊ व्हायचा, मग आत कितीही उकळत असो. "वासाला नाव देऊ नकोस. नाव आलं की नाक काम थांबवतं. हा वास मला आधी कुठे भेटला होता, एवढंच स्वतःला विचार. जागा आठव."

"आणि जागा आठवलीच नाही तर?"

"तर गप्प बस. ते तुला कधी जमलंय म्हणा."

बाहेर गारठा होता. कोपऱ्यातली लाकडांची शेगडी सकाळपासून धगधगत होती. आत्या तिच्यापाशी गेली, वरच्या दांडीवर वाळत घातलेलं सुती फडकं तिनं काढलं आणि चार ग्लास लख्ख पुसले. त्या ग्लासांना ती दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे. तीन पिंपांतली बर्बन तिनं तीन ग्लासांत ओतली, त्यांवर काचेची झाकणं ठेवली आणि चौथा मालकांसाठी रिकामा ठेवला.

मालक आले ते हात चोळतच. "बाई, गोदामाच्या कोपऱ्यातलं ते पिंप ठेवलंय ना यात? परवापासून तोच धूर जिभेवर आहे माझ्या! लेबलंसुद्धा छापायला टाकलीत, 'धुरकट ओक' म्हणून."

"ठेवलंय," आत्या म्हणाली. तिलाही त्या धुराचा अभिमान होता. परवा मालकांनी ते एकच पिंप चाखलं, तेव्हा पिंप करणाऱ्यानं आतून जरा जास्तच जाळलं असणार, असं तिनंच त्यांना सांगितलं होतं.

टकळीनं पहिलं झाकण उचललं. वास घेतला, घोट तोंडात फिरवला, भांड्यात थुंकला. "सुताराचं दुकान. रंधा चालू असताना दारात उभं राहावं तसं."

आत्याचा श्वास मोकळा झाला. व्हॅनिला टळली होती.

"दुसऱ्यात साखर करपलेलं पातेलं आहे. मागे आत्यानं माझ्याकडून घासून घेतलं होतं ते."

मालक हसले. टकळीनं तिसरा ग्लास उचलला आणि गप्प झाली. मग पहिल्याकडे वळली. मग दुसऱ्याकडे. पुन्हा तिसऱ्याकडे.

"अगं, बोल!" आत्याला राहवलं नाही. आयुष्यभर या पोरीच्या तोंडाला कुलूप लागावं म्हणून जीव काढला आणि ते लागलं तेही आजच!

टकळीनं शेजारचा रिकामा, पुसलेला ग्लास उचलून नाकाशी धरला. "आत्या, धूर तिन्हींत आहे. तोच, तसाच. आणि यातही आहे."

"रिकाम्यात?"

"तूच म्हणालीस ना, कुठे भेटला ते आठव म्हणून? पिंपांपाशी नाही भेटला. शेगडीपाशी भेटला. तुझ्या फडक्यात."

मालकांनी आत्याकडे पाहिलं. आत्यानं दांडीवरचं दुसरं फडकं ओढलं आणि त्यात तोंड खुपसलं. काहीच वास येईना. सगळा हिवाळा ती याच खोलीत बसत होती. नाकानं तो धूर केव्हाच घरचा मानून टाकला होता.

"जा, नळाखाली गरम पाण्यानं ग्लास धुऊन आण. पुसू नकोस. नुसता झटक," ती म्हणाली.

कोपऱ्यातल्या पिंपातली बर्बन त्या ओल्या ग्लासात पडली. आत्यानं घोट घेतला आणि बराच वेळ तोंडात धरून ठेवला. आधी ओक आला, कोरडा, ताठ, दातांना आवळणारा. मागून काळी मिरी, मग जळक्या साखरेचा कडवटपणा. आणि अगदी शेवटी, घोट थुंकून टाकल्यावर, धूर. पेटलेल्या लाकडाचा नव्हे; विझून गार झालेल्या निखाऱ्याचा. पिंपाचा स्वतःचा. तो इतके दिवस फडक्याखाली दबून राहिला होता.

तिनं ग्लास मालकांपुढे सरकवला. "घ्या. आजवर मी तुम्हाला फडकं पाजत होते."

मालकांनी घोट घेतला. कपाळाला आठ्या घातल्या. पुन्हा घेतला, आणि हा मात्र थुंकला नाही. "हे... हे जास्त चांगलं आहे. मग त्या लेबलांचं काय करू?"

"ठेवा. धूर आहे की. फक्त वाट बघायला लावतो."

"आणि जावयाला काय सांगू?"

"अत्तर कमी लाव म्हणावं. तो खोलीत आला की मला पिंपंसुद्धा सापडत नाहीत."

मालक उठले. दारापर्यंत गेले, परत आले आणि उरलेला घोट संपवला. "उद्यापासून या मुलीला खुर्चीवर बसवा," असं पुटपुटत बाहेर पडले.

आत्यानं दांडीवरची सगळी फडकी गोळा केली आणि टकळीच्या अंगावर फेकली. "धुऊन आण. आणि उन्हात वाळत घाल."

"खुर्ची माझी ना आता? मग मी का धुवू?"

"खुर्ची उद्यापासून."

टकळी दारात थांबली. "आत्या, एक सांगू? त्या शेवटच्या घोटात ना, धुराच्याही मागे, अगदी हळूच..."

आत्यानं डोळे मिटून घेतले.