खाट ते टेबल, बेचाळीस पावलं

"थुंक ते आधी," बाबा म्हणाले.

आत्या चघळत राहिली. काल सकाळी तिच्या मोठ्या आतड्याचा वीतभर तुकडा गाठीसकट काढून उरलेली दोन टोकं जोडली होती. हाताला सलाईन, पोटावर पट्टी, खाटेच्या कडेला लघवीची पिशवी आणि तोंडात च्युइंगम. आमच्या घरात च्युइंगम खाणारा माणूस वाया गेला असं समजतात. मी सातवीत असताना एकदा वाया गेलो होतो. बाबांनी एका थपडेत परत आणलं.

"डॉक्टर मॅडमनी दिलंय, दादा. दिवसातून तीनदा."

"औषध गिळतात. हे काय रवंथ?"

"आतड्याला वाटतं जेवण येतंय, म्हणून ते जागं होतं. नुसतंच तोंड चाललंय हे त्याला कळत नाही. तुमच्या सोसायटीच्या मीटिंगला लोक नाही का येत?"

बाबा सोसायटीचे अध्यक्ष आहेत. ते खिडकीबाहेर बघू लागले.

याच वॉर्डात आत्या सत्तावीस वर्षं मावशी आहे. म्हणजे पेशंटला उठवणं, बसवणं, पुसणं आणि रागावणं. पूर्वी इथे पोटाचं ऑपरेशन झालं की माणसाला पुतळ्यासारखं पडून राहावं लागे आणि वायू सरेपर्यंत पाण्याचा थेंब मिळत नसे. चार वर्षांपूर्वी तरुण डॉक्टर मॅडम आल्या, त्या कागदांचा गठ्ठा घेऊनच. ठिकठिकाणच्या अभ्यासांत निघालं होतं की पेशंटला लवकर पाणी द्या, लवकर चालवा, तो लवकर घरी जातो. मोठ्या सर्जननी माना डोलावल्या आणि चहाला गेले. पेशंट कुणीच उठला नाही, कारण कागदाला हात नसतात.

हात आत्याला होते. "कुशीवर वळा. उशी पोटाशी धरा. पाय खाली सोडा. आता उठा. शिव्या मनात द्या." दहा दिवस मुक्काम ठोकणारे पेशंट पाचव्या दिवशी घरी जाऊ लागले. मॅडमनी एकदा तिला मुक्कामाच्या दिवसांचा आलेख दाखवला. आत्या म्हणाली, "उतरतोय की हा." मॅडम म्हणाल्या, "तुम्हीच उतरवलाय, मावशी." हा तिचा एकमेव पुरस्कार.

आणि आता बाबांच्या खिशात तिचा स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज होता. सुवाच्य अक्षरात त्यांनी स्वतःच लिहिला होता. फक्त सही राहिली होती. तिच्या नोकरीची अडीच वर्षं उरली होती. तिचं भाड्याचं घर सोडायचं आणि ती आमच्याकडे राहायला येणार, असं बाबांनी ठरवलं होतं. तिला माझी खोली मिळणार होती. मला हॉलमधला सोफा. दोघांनाही विचारलेलं नव्हतं, त्यामुळे अन्याय समान होता.

"शाळा पण तूच सोडायला लावलीस," आत्या म्हणाली. "तेव्हा मी आठवीत होते. सही नव्हती लागली."

"मी वाईट केलं का तुझं कधी?"

"ते मी अडीच वर्षांनी सांगते."

सकाळपासून नातेवाइकांचे फोन चालू होते. ज्या खानदानात तो शब्द कुणी तोंडातून काढत नाही, तिथे मोठी काकू स्पीकरवर म्हणाली, "सुटला का गं वायू? आम्ही सगळे वाट बघतोय." बाबा दर अर्ध्या तासाने घड्याळ बघत. गाडीला उशीर होतोय आणि जबाबदार कुणीच नाही, असा त्यांचा चेहरा होता.

"मी आत्ता चालणारे," आत्या म्हणाली.

"वेडी आहेस? टाके उसवतील."

"सिस्टरच्या टेबलापर्यंत. बेचाळीस पावलं. न बसता गेले तर अर्ज फाडायचा."

"आणि नाही जमलं तर?"

"तर सही."

मला वाटलं, राउंडला आलेल्या मॅडम मध्ये पडतील. शेजारच्या खाटेशी उभ्या राहून त्या फक्त म्हणाल्या, "घाई नको, मावशी."

ती कुशीवर वळली, उशी पोटाशी धरली. मी पाठीला हात लावायला गेलो. "चुकीच्या ठिकाणी लावतोयस," ती म्हणाली आणि माझा हात उचलून योग्य जागी ठेवला. ती उभी राहिली तेव्हा लक्षात आलं, पिशवी धरायला कुणीच नव्हतं. मी सलाईनच्या स्टँडला लटकलो होतो. बाबांनी इकडेतिकडे पाहिलं. मग पिशवी उचलली आणि छातीशी धरली.

"खाली धर, दादा. कमरेच्या खाली. वर गेली तर लघवी परत आत जाते."

बाबांनी खाली धरली.

दहा पावलं ठीक गेली. विसाव्या पावलाला तिचा रंग राखेसारखा झाला, कपाळावर घाम आला. मी खुर्ची ओढली. तिने खुर्चीकडे असं पाहिलं, की मीच त्या खुर्चीवर बसलो. मग स्टँड तिने एकटीनेच ढकलला.

"बस आता," बाबा म्हणाले. आवाज अध्यक्षांचा नव्हता. "नको तो अर्ज. फाडतो मी. बस तू."

"सूट नकोय," आत्या म्हणाली. "तेवीस."

एकेचाळीस. बेचाळीस. तिने टेबलाच्या कडेला हात टेकला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सिस्टर गोळ्या लावत होत्या.

"अडीच वर्षं," बाबा म्हणाले. "एक दिवस जास्त नाही."

"बघू," आत्या म्हणाली.

टेबलाशेजारच्या खाटेवर एक ठेकेदार पडला होता. अगडबंब माणूस. आपण आता संपलो असं तो सकाळपासून बायकोला सांगत होता. आत्या तिथेच वळली.

"कधी झालं ऑपरेशन?"

"काल," तो कण्हला.

"माझंही कालच. वळा कुशीवर."

ठेकेदाराने तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या मागे पिशवी धरून उभ्या असलेल्या, इस्त्रीच्या शर्टातल्या गृहस्थांकडे पाहिलं.

"हे कोण?"

"मोठे भाऊ माझे," आत्या म्हणाली. "मदतीला आहेत."

बाबांनी पिशवी उजव्या हातातून डाव्या हातात घेतली, नीट, कमरेच्या खाली. आणि उजवा हात ठेकेदाराच्या पाठीखाली घातला.