दुसरी फेरी

काशीराम वारला तेव्हा मागे करंजाड्यातलं घर, दोन ट्रेलर आणि बळीराम एवढं उरलं, असं त्याची बायको सत्यवती सांगायची. बळीराम मोरा बंदराकडचा, नात्याचा ना गोत्याचा. पण विमानतळाला गेलेल्या जमिनीच्या पैशातून पहिला ट्रेलर दारात आला, त्या दिवसापासून तोच तो चालवत होता. कळंबोलीत पत्र्याच्या जड गुंडाळ्या भरायच्या, घाट चढून चाकणला उतरवायच्या आणि रिकामी गाडी घेऊन परतायचं. संध्याकाळी सत्यवतीच्या ओट्यावर चहा घेतल्याशिवाय तो घरी जात नसे.

काशीरामनंतर धंदा मुलाच्या, निकेशच्या हातात आला. पोरगा कष्टाळू, कुठलं व्यसन नाही. पण एक गोष्ट त्याला डाचत होती. भरलेली गाडी खंडाळ्याच्या चढावर रांगायची आणि मागून येणारे हॉर्न वाजवत पुढे निघून जायचे. शेवटी त्याने खांदा कॉलनीत गाड्यांची कामं करणाऱ्या निनादला बोलावलं. निनाद लॅपटॉप घेऊन आला, इंजिनाला वायर जोडली आणि इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली डिझेल सोडायची मापं बदलून टाकली. इंजिनात जास्त हवा कोंबणारा टर्बोही मोठा बसवला. याला तो मॅपिंग म्हणायचा. दोन्ही गाड्यांची ओढ एकदम वाढली.

पहिल्या दिवशी बळीराम परतला तो लहान पोरासारखा हसत.

"वैनी, घोडा झालाय घोडा! खंडाळ्याला सगळ्यांना मागं टाकून आलो."

सत्यवतीलाही बरं वाटलं. काशीराम असता तर गाडीभोवती एक फेरी मारून आला असता, असं तिच्या मनात आलं.

गाडी लवकर परत येऊ लागली, आणि दुपारीच रिकामी उभी राहिलेली गाडी निकेशला बघवेना. त्याने दिवसाची दुसरी फेरी सुरू केली. आधी कधीमधी, मग रोज. बळीरामचा ओट्यावरचा चहा बंद झाला. गाडी लावून तो परस्पर घरी जायला लागला.

एकदा मात्र तो मुद्दाम आला. चहाचा कप हातात तसाच धरून म्हणाला, "वैनी, निकेशला सांगा ना, गाडी व्हती तशी करून दे."

"का रे? आवडली व्हती ना तुला?"

"आवडते. पन गाडी दमत नाय, वैनी. मी दमतो."

सत्यवतीने जेवताना निकेशकडे विषय काढला. तो मान वर न करता म्हणाला, "दुसऱ्या फेरीचे वेगळे देतो मी त्याला. झेपत नसंल तर तो मला येऊन सांगंल की."

बापाच्या जागी नुकता बसलेला मुलगा. त्याच्या कामात आपण किती ढवळाढवळ करायची, असं तिला वाटलं. आमटी वाढली आणि विषय तिथेच मिटला.

मग अपघात झाला, पण घाटात नाही. घाट उतरून, खोपोली मागे टाकून, सरळ आणि मोकळ्या रस्त्यावर बळीरामचा रिकामा ट्रेलर कडेला उभ्या असलेल्या डंपरवर मागून जाऊन आदळला. डंपरमध्ये कुणी नव्हतं म्हणून वाचलं. बळीरामचा उजवा पाय मात्र केबिनच्या पत्र्यात सापडला. डॉक्टरांना तो गुडघ्याच्या वरून कापावा लागला.

"गाडीत कायच दोष नव्हता, आये," दवाखान्याच्या जिन्यात निकेश पुन्हापुन्हा सांगत होता. "ब्रेक चांगले, टायर चांगले. समदं तपासलं पोलिसांनी."

ते खरंच होतं.

आत बळीराम डोळे मिटून पडला होता. तिची चाहूल लागताच म्हणाला, "डोळा लागला माझा, वैनी. चूक माझी हाय. पोराला बोलू नका."

त्याची बायको शोभा उशाशी उभी होती. ती ना रडत होती, ना भांडत होती. खालच्या आवाजात एवढंच म्हणाली, "ताटावर बसल्या बसल्या झोपायचे. घास हातात तसाच. मी हलवून उठवायची." सत्यवतीला तिच्याकडे बघवेना. आणलेली शहाळी कोपऱ्यात ठेवून ती बाहेर आली.

अपघातातला ट्रेलर भंगारात गेला, दुसऱ्या ट्रेलरचा ड्रायव्हरही काम सोडून गेला. निकेश नवा माणूस शोधू लागला, तेव्हा सत्यवती म्हणाली, "माणूस नको. तू चालव."

"मी?"

"लायसन हाय ना? बळीरामनंच शिकवलंय ना तुला? तो मारत व्हता तेवढ्याच फेऱ्या मार. मी बसते बाजूला."

निकेशला राग आला. पण आईचा चेहरा बघून त्याने किल्ली उचलली.

पहिले दोन दिवस तो उसन्या जोमाने चालवत राहिला. चढावर गाडी गुरगुरत वर निघाली की सत्यवतीला पाठीमागे सीटचा रेटा जाणवायचा. "बघ, आये, कशी उचलते!" तो म्हणायचा. तिलाही ती ताकद आवडली, आणि आवडली याचंच तिला वाईट वाटलं. तिसऱ्या दिवशी तो बोलायचा थांबला. कळंबोलीला माल भरेपर्यंत तो स्टीयरिंगवर कपाळ टेकून बसला. चाकणला त्याने वडापाव घेतला आणि अर्धा खाऊन टाकून दिला.

दुसरी फेरी उरकून ते रिकामे उतरत होते. अजून उजेड होता. शेडुंगच्या अलीकडे दोन बायका रस्त्याच्या कठड्याला पांढरा रंग लावत होत्या. गाडी हळूच डावीकडे सरकू लागली, तशी सत्यवतीने निकेशकडे पाहिलं. डोळे उघडे होते, हात स्टीयरिंगवर होते, पण तो तिथे नव्हता.

"निकेश!" ती ओरडली आणि तिने त्याच्या दंडावर जोराने थापड मारली.

त्याने दचकून गाडी वळवली, ब्रेक दाबला. मागचा रिकामा सांगाडा हेलकावला, चाकं किंचाळली आणि गाडी उभी राहिली. रंगाचा डबा उलटला होता. बायका दूर पळाल्या होत्या. थोड्या वेळाने त्यांतली एक पुढे आली, तोंडाला येईल ते बोलली आणि सांडलेला रंग ब्रशने गोळा करू लागली.

"मी जागा व्हतो, आये," निकेश म्हणाला.

"नव्हतास."

त्याने स्टीयरिंग सोडलं नाही. समोर सांडलेल्या रंगाकडे बघत राहिला.

"बळीकाका महिनोन्महिने असाच..." सत्यवतीने त्याच्या पाठीवर हात ठेवला. रागवायचं तिच्यात त्राण नव्हतं, आणि तिचा तरी हक्क कुठे होता? बळीराम आधी तिलाच सांगायला आला होता.

घरी आल्यावर निकेश म्हणाला, "उद्यापास्नं एकच फेरी. मॅपिंग ऱ्हाऊ दे, त्याचं काय वाईट हाय?"

"आज एकच म्हनशील," सत्यवती म्हणाली. "गाडी दुपारची दारात उभी ऱ्हायली की तुझाच जीव ऱ्हानार नाय. काढून टाक ते."

दोन दिवसांनी निनाद आला. त्याने इंजिनाची मूळ मापं परत भरली, मोठा टर्बो काढून जुना बसवला. वायर गुंडाळताना म्हणाला, "काकू, वाढवून द्या म्हणणारे रोज येतात. काढून टाका म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

निकेश एकटाच दवाखान्यात गेला. बळीरामच्या पलंगाशी उभा राहून म्हणाला, "बळीकाका, तुमी आयेला सांगितलं व्हतं. आयेनं मला सांगितलं. मीच ऐकलं नाय."

बळीरामने भिंतीकडे तोंड फिरवलं. पोराला बोलू नका म्हणणारा तो, पण त्या दिवशी निकेश निघून जाईपर्यंत त्याने तोंड इकडे केलं नाही.

तो पुन्हा कामावर आला नाही. कळंबोलीच्या ट्रकअड्ड्यावर बसून गाडीला माल मिळवून द्यायचं काम सत्यवतीने देऊ केलं, तेही त्याने घेतलं नाही. मोऱ्याच्या बंदरात भावाची जाळी विणत बसायला लागला. धंदा आटला. एका गाडीची एक फेरी, घाई असलेली गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. निकेश स्वतःच चालवत राहिला. सुट्टीच्या दिवशी तो मोऱ्याला जाऊन बळीरामजवळ बसायचा. पहिले कित्येक महिने दोघांत बोलणं असं नव्हतंच. निकेश जाळ्याचं एक टोक धरायचा, बळीराम विणायचा.

मग एकदा बळीरामने सुई न थांबवता विचारलं, "खंडाळा चढायला किती वेळ लागतो आता?"

"पयल्यासारखाच. रांगत चढते."

"हां," बळीराम म्हणाला. मग जाळं त्याच्याकडे सरकवून म्हणाला, "ताणून धर जरा. सैल सोडलंस."